पोटाच्या भिंतीला चिकटलेले पाहुणे

मी एक म्हातारी डासीण आहे. पुस्तकात मला 'मादी डास' म्हणतात, कुरखेड्याच्या बाजूला सरळ 'मच्छर' म्हणतात आणि टाळी वाजवतात. ती टाळी माझ्या कौतुकाची नसते, हे मला फार लवकर कळलं. आता मात्र मला कोणी मारू शकत नाही. मी काचेच्या पट्टीवर आहे. म्हणजे सगळी नाही, नुसतं माझं पोट आणि लाळेच्या गाठी. ज्या बाईंनी मला सुईच्या टोकानं उकललं, त्यांनी माझे पंख आणि पाय कापसाच्या बोळ्यानं पुसून टाकले.

मित्रांनो, तुम्ही मोडक्या छत्रीची, फुटक्या रांजणाची, म्हाताऱ्या बैलाची आत्मवृत्तं वाचली असतील. ते बिचारे तुमच्यासाठी झिजले आणि शेवटी अडगळीत पडले, म्हणून तुमचे डोळे भरून येतात. माझ्यासाठी डोळे भरून आणायची गरज नाही. मी कोणासाठी झिजले नाही. उलट माझ्यामुळे एका घरातलं माणूस गेलं, आणि तेच सांगायला मी बसले आहे. मी माफी मागणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट आहे.

माझा जन्म गावामागच्या नाल्यात झाला. पाऊस ओसरला होता, धान निसवलं होतं आणि नाल्याचं पाणी काठच्या गवतात थबकून उभं होतं. तिथं आम्ही भावंडं पाण्याच्या पाठीला समांतर आडवी पडून श्वास घ्यायचो. निम्मी मासोळ्यांनी खाल्ली. उरलेल्यांना पंख फुटले. भाऊ फुलांचा रस पिऊन थोड्याच दिवसांत मेले, त्यांना तुमच्या रक्ताशी काही देणंघेणं नसतं. अंडी आम्ही घालतो, आणि रक्ताशिवाय ती पिकत नाहीत. म्हणून आम्ही तुमच्या घरी येतो. भिंतीवर डोकं खाली आणि बूड वर करून तिरकी बसलेली दिसली, की ती आमच्या जातीची समजा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मलेरियाचा ताप घेऊन आमच्यात कोणी जन्माला येत नाही. तरुण डासीण चावली तर नुसती खाज सुटते. ताप आम्हाला तुमच्याकडूनच मिळतो. तुम्ही देता, आम्ही पोटात वाढवतो आणि ज्याचा त्याला नव्हे, भलत्याच माणसाला परत करतो. त्याला वेळ लागतो. म्हणून घाबरायचं ते माझ्यासारख्या म्हातारीला.

मी राहायला गेले गुणवंतरावांच्या घरात. मातीच्या भिंती, धुरानं काळवंडलेले वासे आणि ओलसर अंधार, मला आणखी काय हवं होतं? भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं मी बस्तान बसवलं. गुणवंतराव दिवसभर धानाच्या बांधीत असायचे. घरात राज्य होतं त्यांच्या बायकोचं, धुरपताबाईचं. त्यांना दोन मुली. थोरली मोनाली लग्न होऊन आरमोरीकडे दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली होती. सातवा सरला होता. धाकटी करिष्मा लग्नाची होती, आणि तिच्यासाठी ऊर्जानगरचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा प्रवीण वीजकेंद्रात नोकरीला. राहायला क्वार्टर, कामावर न्यायला कंपनीची बस. धुरपताबाईला झोपेतसुद्धा ती बस दिसत असावी, कारण उठता बसता तिच्या तोंडी तीच होती.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघरी पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं आणि त्या निमित्तानं मुली दाखवून होतात. ऊर्जानगरचे पाहुणेही मंडईलाच येणार होते. तेव्हापासून त्या घरात शेणसडा, पोतेरं आणि करिष्माचं तोंड, या तीनच गोष्टींची निगा राखली जात होती.

मी नवीनच राहायला आले होते तेव्हा एका दुपारी नीलिमाताई दारात उभ्या राहिल्या. या गावच्या आशाताई. दसऱ्याच्या सुमारास करिष्माला हुडहुडी भरून ताप आला होता, तेव्हा बोटाला टोचून त्यांनीच मलेरिया शोधला होता आणि गोळ्यांची पुडी दिली होती.

"धुरपताबाई, करिष्मानं साऱ्या गोळ्या घेतल्या ना? पुडी दाखवा जरा."

"घेतल्या वो बाई. पुडी चुलीत टाकली. ताप केव्हाचा उतरला, आता काऊन पुसता?"

"पुसा लागते वो."

नीलिमाताईंना अजून अर्धं गाव फिरायचं होतं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. त्या वळणाआड होताच धुरपताबाईनं देवाच्या फोटोमागची पुडी काढून पाहिली. मी समोरच्या भिंतीवरून पाहत होते. दोन गोळ्या उरल्या होत्या.

"आई, त्या घेऊन टाकतो ना," करिष्मा म्हणाली. "ताईनं साऱ्या घे म्हनलं होतं."

"गप. ताप हाय का तुले आता? नाई ना? हे गोळ्या लय गरम असते. तोंड काळं पडते, डाग येते. ऊर्जानगरचे पाहुने येऊन राह्यले, त्यांच्यासमोर काळं तोंड घेऊन बसतं काय? अन् ताप आल्ता म्हनून कोनाले सांगू नको. रोगट पोरगी कोन करते?"

गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय! पुडी पुन्हा फोटोमागं गेली. त्या दोन गोळ्यांत एक तापाची होती. दुसरी ताप उतरवायला नसतेच. ताप गेल्यावर रक्तात जे बीज गुपचूप मागं राहतं, त्याला मारायला ती असते, म्हणजे ते बीज आमच्यासारखीच्या पोटात जाऊ नये. नेमकी तीच राहून गेली होती. घरातल्या कोणाला हे ठाऊक नव्हतं, आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी करिष्मा तोंडाला साय आणि हळद लावून छपरीत बसली होती. अंगात ताप नाही, डोळ्यांत चमक, ओठांवर गाणं. मी तिच्या घोट्याजवळ उतरले आणि पोटभर प्याले. एवढी गोड जागा मला पुन्हा मिळाली नाही.

त्या घोटासोबत ते आत आले.

डोळ्यांना न दिसणारे जीव ते, मलेरियाचे परजीवी. तिच्या उबदार अंगात ते निजून होते. माझ्या पोटात गार लागलं आणि ते जागे झाले. त्यांच्यात नर आणि मादी असतात, आणि माझ्या पोटातच त्यांची लग्नं लागली. मांडव माझा आणि जेवणही माझंच. माझ्या पोटातल्या रसानं त्यांच्यातले बहुतेक जिरवले. मला वाटलं, सुटले. पण थोडे उरले, त्यांची अळीसारखी लांबुळकी पोरं झाली आणि ती माझ्या पोटाचं अस्तर आतून भोसकू लागली. टोक रोवून, अंग आवळत, माझ्याच पेशी फाडत ती पलीकडे निघाली. दुखलं का, असं विचारू नका. डासाला कोणी असलं विचारत नसतं.

पलीकडे पोटाच्या बाहेरच्या अंगाला एक पातळ पडदा असतो. अस्तराच्या बाहेर आणि पडद्याच्या आत, अशी ती एक चिंचोळी सांद आहे. आत राहिले असते तर पचले असते, पडदा ओलांडला असता तर वाहून जाऊन मेले असते. ते नेमके त्या सांदीत थांबले आणि पडद्याला चिकटले. जो चिकटला तोच जगला. शेकड्यांनी आले होते, चिकटले फक्त चार.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. चिकटल्यावर ते गोल झाले आणि माझं खाऊन फुगू लागले, पोटाच्या भिंतीवर बाहेरून फोड यावेत तसे. प्रत्येक फोडात सुईसारखी बारीक पिल्लं भरत होती, हजारांनी. त्या दिवसांत मला फार चावावंसं वाटेना. तुमच्या हाताच्या टप्प्यात जाऊ नये, भिंतीवर बसून राहावं, असं वाटे. मला वाटलं, वयानुसार शहाणपण आलं. कसलं शहाणपण! पिल्लं तयार होईपर्यंत मी कोणाच्या टाळीत सापडू नये, ही त्यांची सोय होती. माझ्यासोबतच्या साऱ्या बहिणी एव्हाना मेल्या होत्या. मी मात्र जपली गेले.

मग एक दिवस ते फोड फुटले. पिल्लं माझ्या अंगभर पोहत सुटली आणि लाळेच्या गाठींपाशी येऊन थांबली. बाकी सगळं अंग सोडून नेमकी तिथंच. कुलपात किल्ली बसते तशी त्यांच्या अंगावरची खूण माझ्या त्या गाठींच्या कातडीवर बसली. ती लटकली, आत शिरली आणि दाटीवाटीनं वाट पाहत बसली. माझी लाळ बिघडली. सोंड खुपसली की रक्त गोठायचं, एका जागी पोट भरेना, पुन्हापुन्हा टोचावं लागे. भूक माझी होती आणि फायदा त्यांचा. इतके दिवस मी स्वतःला शिकारीण समजत होते, प्रत्यक्षात मी त्यांची बैलगाडी होते. याचा राग मला आजही येतो.

नेमकी तेव्हाच मंडई आली.

घर पाहुण्यांनी भरलं. प्रवीण आला, त्याची आई आली, एक मावशी आली. करिष्मानं मान खाली घालून चहा दिला आणि सगळ्यांनी तिचं तोंड पाहून घेतलं. साय कामी आली होती. रात्री जेवणं आटोपून सगळे नाटकाला गेले. मोनाली तेवढी मागं राहिली, अवघडलेली बाई गर्दीत कशाला म्हणून.

त्या घराला सरकारी दवाखान्यातून औषध लावलेल्या दोन मच्छरदाण्या मिळाल्या होत्या. एकीनं गुणवंतरावांनी बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, मासोळ्या धरल्या, आणि ती तिथंच खुंटाला अडकून फाटली. दुसरी मोनालीच्या खाटेवर असे. "मले माह्यासाठी नाई, पोटातल्यासाठी पायजे," असं तिनं आल्याच दिवशी आईला बजावलं होतं. त्या रात्री ती मच्छरदाणीत निवांत झोपली. पोटुशी बाई आम्हाला लांबूनही कळते. तिचं अंग जास्त तापलेलं असतं, श्वास मोठा असतो. पण जाळीच्या औषधाचा दर्प माझ्या पायांना झोंबत होता. मी दोनदा जवळ जाऊन परत फिरले आणि भिंतीवर बसून राहिले. पोट रिकामं होतं.

पहाटे नाटक संपलं. अजून नीट उजाडलं नव्हतं. पाहुणे डोळे चोळत परत आले, पुरुष छपरीत आडवे झाले. प्रवीणच्या आईसाठी आतल्या खोलीत, मोनालीच्या शेजारी नवी चादर घालून खाट ठेवली होती. बाई टेकल्या आणि त्यांनी दंडावर चापट मारली.

"तुमच्या इथी मच्छर लय हाय वो बाई. आमच्या क्वार्टराले जाळ्या हायेत."

एवढं पुरे झालं. धुरपताबाईचं तोंड उतरलं. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि झोपलेल्या लेकीच्या डोक्याशी जाऊन मच्छरदाणीची दोरी सोडायला घेतली. एक सोडली, दुसरी सोडली. मोनाली जागी झाली.

"आई, काऊन काढून राह्यली?"

"हळू बोल. पाहुनीन बाईले लावतो. घरच्या इज्जतीची गोष्ट हाय."

"अवो, पन माह्या पोटातल्याचं..."

"दिवस निघून राह्यला आता. आता कोनता मच्छर चावते! तुले काय मच्छर नवे हाय काय? झोप."

मोनालीनं आईकडे पाहिलं, लुगड्याचा पदर पोटावर ओढून घेतला आणि कूस बदलली. शेजारच्या खाटेवर ऊर्जानगरच्या बाई जाळीत शिरल्या आणि घोरू लागल्या.

दिवस निघताना मच्छर चावत नाही, असं तुमच्यातल्या कितीतरी जणांना वाटतं. चावतो. ती वेळ आमच्या आवडीची आहे. मोनालीनं पोट झाकलं होतं, बाकी सारं उघडं होतं. मी कोपराशी बसले, तिथं रक्त आलं नाही. मानेवर बसले, तिथंही पोट भरलं नाही. शेवटी पायाच्या घोट्याजवळ बसले, तिच्या बहिणीला चावले होते त्याच जागी. तीनही ठिकाणी माझ्या लाळेतून ते उतरले. मी भिंतीवर परतले तेव्हा नुकतं फटफटलं होतं, आणि धुरपताबाई चुलीवर पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी ठेवत होती.

दुपारी सोयरिक पक्की झाली. गावभर साखर वाटली. पाहुणे गेले, संध्याकाळी मच्छरदाणी पुन्हा मोनालीच्या खाटेवर बांधली गेली आणि तिचे चारही कोपरे धुरपताबाईनं स्वतः गादीखाली खोचले.

साखरपुडा तोंडावर आला तशी मोनालीला थंडी वाजून आली. दात वाजत होते, तिच्यासोबत खाटही हलत होती.

"आई, नीलिमाताईले बलाव ना वो. हे साधी थंडी नाई."

"बलावतो. आधी हे घे."

धुरपताबाईनं देवाच्या फोटोमागून पुडी काढली होती. नीलिमाताईंना बोलावलं तर त्या बोटाला टोचणार, मग करिष्माच्या तापाचं निघणार, चुलीत टाकली म्हणून सांगितलेली पुडी निघणार आणि गावभर होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं करिष्माच्या उरलेल्या दोन्ही गोळ्या मोनालीला पाण्यासोबत दिल्या. एका गोळीनं असा ताप जात नसतो. दुसरी तर तापाची नव्हतीच, आणि पोटुशीला ती देतच नाहीत. एकीच्या पोटात जायची राहिली ती गोळी दुसरीच्या पोटात गेली, जिथं ती जायलाच नको होती. मी भिंतीवर होते. मला बोलता येत असतं तरी मी बोलले नसते, कारण माझं कोण ऐकणार होतं?

ताप जरासा नरमला आणि दुप्पट होऊन परत आला. मोनाली काहीबाही बोलू लागली. मग तिनं आईला विचारलं, "तू कोन व बाई?" तेव्हा धुरपताबाई अनवाणी धावत नीलिमाताईंकडे गेली. दवाखान्याची गाडी आली. करिष्मानं बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गाडी गेली तेव्हा मच्छरदाणी खाटेवर तशीच टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी मोनालीला परत आणलं ते चादरीत गुंडाळून. पोटातलं पोटातच राहिलं होतं. धुरपताबाई रडली नाही. ती त्या खाटेपाशी बसून मच्छरदाणीच्या दोऱ्या बांधायची आणि सोडायची, बांधायची आणि सोडायची, शेवटी गुणवंतरावांनी तिचा हात धरून तिला उठवलं.

तेरावं झालं नाही तोच ऊर्जानगरहून निरोप आला. ज्या घरात असा ताप आहे, त्या घरची मुलगी आम्हाला नको. निरोप पाठवणाऱ्या बाई त्या पहाटे मच्छरदाणीत छान झोपल्या होत्या. त्यांना साधी खाजसुद्धा सुटली नव्हती.

मग बैल गेला नि झोपा केला. मलेरियाची माणसं गावात आली, भिंतींवर फवारे मारले, घराघरांत उजेड पाडला. एकानं फवारणीच्या आधी कॅलेंडर उचललं, बॅटरी दाखवली आणि काचेच्या नळीत मला श्वासानं ओढून घेतलं. माझे पंख झिजले होते, मला पळताही आलं नाही. प्रयोगशाळेत मला उकलल्यावर पोटाच्या भिंतीवर चार रिकामे फोड निघाले आणि लाळेच्या गाठी अजून भरलेल्या होत्या. अशी मी काचेवर आले.

पुढच्या पावसाळ्याआधी गावच्या शाळेत शिबिर झालं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली मला ठेवलं आणि मुलांची रांग लावली. मुलांनंतर मोठी माणसं आली. नीलिमाताईंनी धुरपताबाई आणि करिष्मालाही आणलं होतं.

धुरपताबाईनं सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हे गोल गोल होय ना बाई? यातला कोनता होय, माह्या मोनालीले नेनारा?"

"आता ते रिकामे आहेत, मावशी," बाई म्हणाल्या. "इथं ते चिकटतात आणि वाढतात. चिकटायलाच मिळालं नाही, तर पुढं काही होत नाही."

मग करिष्मानं पाहिलं.

"अन् हे मच्छरात आले कुठून?"

"माणसातून. कोणाला तरी ताप येऊन गेला असेल. ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील. त्याला पुढं काही झालंही नसेल, पण रक्तात बीज राहतं."

"कोनाले?"

"ते आता कसं सांगता येईल?"

करिष्मानं नळीवरून डोळा काढला आणि आईकडे पाहिलं. धुरपताबाई जमिनीकडे पाहत होती. "चाल, घरी चाल," ती म्हणाली. करिष्मा हलली नाही.

"आई, त्या दोन गोळ्या कुठी हाय?"

धुरपताबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि ती एकटीच दाराबाहेर पडली. 

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी विनवणी करायची रीत आहे. मी विनवणी करणार नाही, बजावून सांगते. ताप गेला तरी पुडीतली शेवटची गोळी घ्या. अंगावरची मच्छरदाणी पाहुण्यासाठी सोडू नका, पाहुणा कुठलाही असो. तुम्ही ऐकलं नाहीत तरी माझं काही बिघडत नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात, आणि नाल्याच्या काठी माझ्या नाती पंख वाळवत बसल्या आहेत. त्यांची पोटं अजून कोरी आहेत. त्यात काय जाऊन चिकटेल, ते तुमच्या हातात आहे.

शिबिर आवरलं, बाकी सगळे गेले, तरी करिष्मा मेजापाशी उभी होती. तिनं पुन्हा नळीला डोळा लावला आणि माझ्या पोटाच्या भिंतीवरचे ते चार डाग मोजले. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं. तिच्या तोंडावर एकही डाग नव्हता.